आमच्या वार्ताहराकडून

माझा बाप ढिवर, जातीनं मासेमार. तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या घरात जन्मला, चालण्याआधी पोहायला शिकला, आणि मी चौथीत असताना त्याच तलावावर चोर ठरला.

झालं असं, की तलाव बाहेरगावच्या एका संस्थेला ठेक्यानं गेला. संस्थेच्या यादीत मासेमार म्हणून भरपूर नावं होती, पण त्यातल्या बहुतेकांनी गुडघाभर पाण्यातही कधी पाय घातला नव्हता. चालवणारा एकच, ठेकेदार. त्यानं पाळीवर रखवालदार बसवला. मग बाबा आणि काका आमच्याच तलावात मजूर म्हणून जाळं ओढू लागले. मासोळी बर्फाच्या पेट्यांतून टेम्पोत जायची. घरी कालवणापुरती आणली तर ती चोरी.

एकदा बाबानं चार डाडक दुपट्ट्यात गुंडाळून आणले. डाडक काही मोठी मासोळी नाही, ठेकेदाराच्या पेटीत ती जातही नव्हती. तरी रखवालदारानं पाळीवर अडवलं आणि दुपट्टा झटकायला लावला. आम्ही पोरं शाळेतून येत होतो. चारही डाडक धुळीत पडले. एक अजून तडफडत होता. बाबानं माझ्याकडं पाहिलं नाही. दुपट्टा खांद्यावर टाकला आणि घरी आला. त्या दिवशी मायनं भातावर चिंचेचं सार केलं. 

हे आधी सांगते, कारण ज्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे, त्याचा त्या धुळीतल्या मासोळ्यांशी संबंध होता. तो संबंध तेव्हा आम्हाला माहीत नव्हता. त्यालाही नव्हता.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. आमच्याकडं कोणी घेतही नव्हतं. सगळ्यांसाठी ते पेपरवाले भाऊ. तालुक्याच्या गावी राहायचे, नागपूरहून निघणाऱ्या एका पेपरचे वार्ताहर होते आणि त्याच पेपरचे एजंटही. म्हणजे बातमी लिहायचे तेच आणि दुसऱ्या दिवशी ती घरोघर टाकायचे तेच. उंच, खांद्यात वाकलेले, मे महिन्यातही कानाला मफलर. "ऊन कानातून शिरते," म्हणायचे. आधी सायकल होती, नंतर एक जुनी स्कूटर घेतली. तिचा हॉर्न पहिल्या महिन्यातच बंद पडला आणि तो त्यांनी दुरुस्त केला नाही. वळणावर ते हॉर्नऐवजी हेडलाइन ओरडायचे. "धानाची खरेदी सुरू, बाजूले व्हा!" आमच्या गावातली निम्मी माणसं ताजी बातमी अशी स्कूटरखाली येता येता ऐकायची.

आमच्या गावात पेपर येईपर्यंत दुपार व्हायची. उरलेली एक जुनी प्रत ते मला द्यायचे. मी सहावीत होते. अट एकच. पेन्सिल घेऊन बसायचं आणि त्यातला प्रत्येक 'भव्य', 'दिव्य', 'लोकप्रिय', 'तडफदार' खोडायचा.

"काऊन भाऊ?" मी विचारलं.

"भव्य म्हणजे किती फूट, सांगशील?"

"मले काय माहीत?"

"त्यालेबी माहीत नाई, ज्यानं लिवलं. मंग कायले राहू द्याचा?"

मी खोडत बसायचे. बाबाला लिहिता-वाचता येत नव्हतं. खोडून उरलेला पेपर मी त्याला वाचून दाखवायचे. माय म्हणायची, "बापा, पोरगी पेपरले चाळणी लावून राह्यली." पुढं ब्रह्मपुरीला कॉलेजात गेले तेव्हा मराठीच्या मॅडम म्हणाल्या, तुझा निबंध फार कोरडा असतो. मला वाईट वाटलं नाही. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. माझ्या मराठीचा पहिला मास्तर स्कूटरवरून यायचा, हे मी कुठंही सांगते. आणि हा लेख छापून आला तर भाऊ तो पेन्सिल घेऊनच वाचतील, म्हणून मी आधीच दोन जागी 'थोर' खोडला आहे.

बातमी आणायची त्यांची पद्धत लोकांना छळायची. कुठं रानडुकरानं धान उद्ध्वस्त केलं म्हणून फोन आला, की हे स्वतः वावरात जाऊन बांधी बांधी, धानाचा तुकडा न् तुकडा फिरणार. डुक्कर कुठून शिरलं, कुठून गेलं, सगळं विचारणार. एकदा एका सरपंचानं फोनवरच बातमी सांगायला घेतली. भाऊ म्हणाले, "थांबा, येतो." सरपंच म्हणाला, "अहो, मी सांगून राह्यलो ना!" भाऊ म्हणाले, "तुमी सांगूनच राह्यले. मले पाहाचं हाये." वीस वर्षं त्यांनी असं केलं. त्यांचा एकच गर्व होता आणि तो ते चहाच्या टपरीवर, लग्नात, मयतीत, कुठंही बोलून दाखवायचे. "माझी एकबी बातमी खोटी निंगाली नाई."

राजकारणात ते आले ते एका कुलपामुळं. शेजारच्या गावात सरकारी दवाखान्याची इमारत होती आणि दाराला कुलूप होतं. डॉक्टर नाही. भाऊ दर पावसाळ्यात त्याची बातमी लिहायचे. दर पावसाळ्यात ती छापून यायची. सात-आठ वर्षं झाल्यावर तीच बातमी तारीख बदलून पाठवली तरी चालली असती. एकदा त्या गावची एक म्हातारी, सखूबाई, त्यांना रस्त्यातच म्हणाली, "तू लिवतं, आमी वाचून घेतो, कुलूप तसंच. भाऊ, तू लिवनं सोड अन चाबी पाय कोनापाशी हाये ते."

दुसरा कोणी हसून पुढं गेला असता. भाऊंनी खरंच चाबी कोणापाशी आहे त्याचा शोध घेतला. या टेबलावरून त्या टेबलावर फिरत शेवटी ते जिल्हा परिषदेपर्यंत पोचले. मग त्यांनी पेपरचा राजीनामा दिला, एजन्सी भावाच्या नावावर केली आणि अपक्ष म्हणून जिल्हा परिषदेला उभे राहिले.

चिन्ह मिळालं बस. आमच्या गटातल्या निम्म्या गावांत एसटी कधी आली नव्हती. बाबानं पोस्टर पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, एवढ्या वर्षात बस गावात आली तं सही!" ही गोष्ट गावोगाव गेली. भाषणात भाऊ काय बोलले ते कोणाला आठवत नाही, बाबाचं वाक्य सगळ्यांना आठवतं. पोस्टरवर त्यांचा फोटो नव्हता. एका कार्यकर्त्यानं हौसेनं 'आपले लाडके' असं छापून आणलं तर भाऊंनी त्याला विचारलं, "लाडका कोनाचा? नाव लिव. माह्या बायकोले इचारून लिव." त्या सगळ्या पोस्टरांवर काळ्या रंगाची पट्टी मारावी लागली. लोकांना वाटलं, आचारसंहितेचं काही असेल.

निवडून आले.

पहिल्या सभेला गेले आणि वीस वर्षांच्या सवयीनं सरळ पत्रकारांच्या बाकावर जाऊन बसले. वही उघडली. हजेरी झाली तेव्हा यांचं नाव पुकारलं गेलं आणि हे पत्रकारांमधून उठून "हजर" म्हणाले. शिपाई येऊन त्यांना सदस्यांच्या खुर्चीवर घेऊन गेला. पुढं अनेक दिवस ते स्वतःच्या भाषणाचीच टिपणं घ्यायचे आणि पेपरला पाठवायचे. त्यातली एक मी वाचली आहे: 'सदस्यांनी रस्त्याबाबत प्रश्न विचारला. प्रश्नाची तयारी अपुरी होती. उत्तर मिळाले नाही.' ते सदस्य म्हणजे हेच.

कामासाठी लोक अर्ज घेऊन यायचे. कोणी 'आमच्या गावात पाण्याची अत्यंत भीषण टंचाई आहे' असं लिहून आणलं तर भाऊ अर्ज परत करायचे. "किती विहिरी? किती आटल्या? बाई पाण्याले कुठवर जाते? ते लिव. भीषण मी पायतो." लोक चिडायचे. एक जण तोंडावर म्हणाला, "दुसरे नेते अर्ज ठिवून तरी घेते, तुमी तं मास्तरावानी परीक्षा घेता." पण पुढच्या वेळी तोच माणूस विहिरी मोजून आला आणि त्याच्या गावाचं काम झालं. दवाखान्याचं कुलूपही निघालं, डॉक्टर आला. उद्घाटनाला भाऊ सखूबाईला स्कूटरवर बसवून घेऊन गेले. ती डॉक्टरला म्हणाली, "मले काई झालं नाई. तुले पाहाले आली." लोकांनी शाल आणली होती. भाऊ म्हणाले, "मार्च महिना हाये. थंडीत आणजा."

मधे विधानसभेलाही उभे राहिले. डिपॉझिट गेलं. पराभवाची बातमी त्यांनी स्वतः लिहून पेपरला पाठवली: 'अपक्ष उमेदवार पराभूत. कारण, मते कमी पडली.' संपादकानं ती तशीच छापली. जिल्हा परिषदेवर मात्र लोकांनी त्यांना दुसऱ्यांदा पाठवलं.

आता मुख्य गोष्टीवर येते.

मी बी.ए. होऊन गावात परत आले तेव्हा गोंड मोहल्ला आणि ढिवर मोहल्ला मिळून ग्रामसभेनं सामूहिक वनहक्काचा दावा टाकायचं ठरवलं होतं. जंगल आणि जंगलातला तलाव, दोन्हींवर गावाचा हक्क मागायचा. कायद्यात सोय होती, पण पुरावे जोडायचे होते. ग्रामसभेच्या वनहक्क समितीची सचिव मला केलं, कारण लिहिणारी मीच. म्हाताऱ्यांची बयानं, नकाशे, जुने कागद जमवण्यात तीन वर्षं गेली. दावा खालच्या समितीतून पुढं सरकत जिल्हा समितीपर्यंत पोचला आणि त्या समितीवर जिल्हा परिषदेचे सदस्य म्हणून कोण, तर आमचे भाऊ. गावात सगळ्यांना वाटलं, झालं काम.

सुनावणीच्या आधी ठेकेदाराच्या संस्थेनं हरकत घेतली. म्हणणं असं, की या गावचे लोक या तलावात मासेमारी करतच नव्हते, ठेका देण्याआधी तलाव ओसाडच पडला होता. पुराव्याला पेपरचं एक जुनं कात्रण जोडलं होतं. त्याची प्रत आम्हाला मिळाली. 'गाळाने भरलेला तलाव ओसाड. गावकऱ्यांनी मासेमारी सोडली.' खाली चार वाक्यांची बातमी. नाव नाही, फक्त 'आमच्या वार्ताहराकडून'. तारीख पाहिली. मी चौथीत होते त्या वर्षीची. तलाव ठेक्यानं जाण्याच्या दोन महिने आधीची.

मी ते कात्रण घेऊन भाऊंच्या घरी गेले. सल्ला विचारायला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं. मग उठून कपाटाकडं गेले.

भाऊंच्या एका सवयीबद्दल इथं सांगायला हवं. बातमीच्या वहीत ते दोन पेनांनी लिहायचे. डोळ्यांनी पाहिलेलं निळ्या शाईनं, नुसतं ऐकलेलं लाल शाईनं. लाल जास्त झालं की बातमी पाठवायची नाही, पुन्हा जायचं. जुन्या सगळ्या वह्या त्यांनी वर्षवारीनं ठेवल्या होत्या. त्या वर्षीची काढली, पानं उलटली आणि माझ्यापुढं ठेवली.

ते पान सगळं लाल होतं.

"त्या दिवशी स्कूटर पंक्चर होती," भाऊ म्हणाले. "तवा तुमच्या गावाले माहा पेपर सुरू झाला नव्हता. उन्हाचं तिथवर यावं नाई वाटलं. टपरीवर बसलो होतो. तो ठेकेदार भेटला, त्यानं सांगलं. मी लिवून पाठवलं." त्यांनी कात्रण त्या पानावर ठेवलं. "ही बातमी माही हाये."

मला धुळीतले चार डाडक दिसले. या माणसाकडून मी वाचायला शिकले होते, आणि याच्याच चार वाक्यांनी माझ्या बापाला दुपट्टा झटकायला लावला होता. मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. आणि रागातही मी हिशेबानं बोलले, त्याची लाज आजही आहे.

"कात्रणावर नाव नाई, भाऊ," मी म्हटलं. "हे पान फाडा. तुमी समितीवर हाये. वार्ताहर कोन होता कोनाले माहीत नाई म्हणून सांगा. बातमी खोटी हाये एवढंच म्हणा."

भाऊंनी वही मिटली. "बाई, वहीचं एक पान फाडलं का मधली शिलाई ढिली होते. मंग बाकीचीबी पानं सुटते."

दुसऱ्या दिवशी ते आमच्या गावात आले. निवडणूक चार महिन्यांवर आली होती. समाजमंदिरात दोन्ही मोहल्ले जमले. भाऊंनी कात्रण माझ्या हातात दिलं आणि मोठ्यानं वाच म्हणाले. मी वाचलं. मग ते उभे राहिले. "हे मी लिवलं. तुमच्या गावात न येता लिवलं. हे लिवल्यानं तलाव ओसाड ठरला अन ठेक्यानं गेला."

 काका उठून बाहेर निघून गेला. मागून कोणीतरी म्हणालं, "अन आमी यालेच मत देल्लं, दोनदा!" बाबा पुढं बसला होता. त्यानं विचारलं, "भाऊ, तुमी आमच्या तलावाच्या पाण्यात कधी उतरले का?"

"नाई."

"एवढे वर्ष पेपर टाकाले येत होते. पाळीवरून जात होते."

"नाई उतरलो, भाऊ."

"मंग उद्या सकाळी या. पेन आणजा."

दुसऱ्या दिवशी बाबानं त्यांना डोंग्यात बसवलं. मी पाळीवर होते. डोंगा म्हणजे एका खोडाचा, जरा हललं की कलंडणारा. भाऊंनी मफलर घट्ट बांधला आणि दोन्ही हातांनी कडा पकडली. "वही मांडीवर ठिवा, कडा सोडा," बाबा ओरडला, "डोंगा मी धरतो!" पाळीवर दोन्ही मोहल्ल्यांतली पोरंसोरं हसत होती. पंधरा मिनिटांत भाऊ एकदा पाण्यात पडले. बाबानं शर्टाला धरून वर ओढलं आणि म्हणाला, "आता पायलं तुमी."

मग बाबा त्यांना तलावभर फिरवत राहिला. आमच्या तलावाला एकच नाव नाही. पाण्यातल्या प्रत्येक जागेला नाव आहे. पाळीजवळची काटेखोली, जिथं बाभळीचे काटे बुडाले आहेत. म्हशीचं नाक. हत्तीडोह, सगळ्यात खोल. गोंडांच्या देवाजवळचा पेनठाना, जिथं पोळा होईपर्यंत जाळं टाकायचं नाही. मामाजाळं, जिथं माझ्या आज्याच्या मामाचं जाळं खाली अडकलं ते निघालंच नाही. प्रत्येक जागेत कोणती मासोळी, कोणत्या महिन्यात, हे बाबा सांगत गेला. मरळ इथं, शिंगूर तिथं. भाऊ ओल्या कपड्यांनी निळ्या पेनानं लिहीत गेले. दुपार झाली तेव्हा सहा पानं भरली होती.

सुनावणीला मी आणि बाबा गेलो. बाबानं मायनं धुतलेला सदरा घातला होता. भाऊ सदस्यांच्या खुर्चीवर होते. आमच्या दाव्याचा क्रमांक आला तसे ते उठले, टेबलाला वळसा घालून आमच्या बाजूला येऊन उभे राहिले.

अध्यक्ष साहेब म्हणाले, "आपण सदस्य आहात, बसून बोला."

"मी आता सदस्य नाई, साहेब. मी या बातमीचा वार्ताहर हाये. मले दुरुस्ती द्याची हाये." त्यांनी वहीचं लाल पान उघडून ठेवलं. काय झालं ते सांगितलं, टपरीसकट, पंक्चरसकट. "ही बातमी खोटी हाये. हे इतिवृत्तात लिहून घ्या. अन या दाव्यावर मी मत देणार नाई, बाहेर बसतो."

ठेकेदाराचा माणूस उसळला. "म्हणजे बाकीच्याबी बातम्या अशाच लिवल्या का, भाऊ?"

"तपासून पाय," भाऊ म्हणाले. "वह्या घरी हाये. लाल पान सापडलं तं मले सांगजो."

ते दाराबाहेर जाऊन बाकावर बसले. आता सगळं बाबावर आलं. साहेबांनी विचारलं, तलाव तुम्ही वापरता हे कशावरून? बाबानं एवढी मोठी खोली आयुष्यात पाहिली नव्हती. त्यानं आधी भिंतींकडं, मग छताकडं पाहिलं. मला वाटलं, गेलं. मग त्यानं डोळे मिटले आणि पाळीपासून सुरू केलं. काटेखोली, म्हशीचं नाक, हत्तीडोह. एकामागून एक, जसा डोंगा जातो तसा. तिकडं एक अधिकारी भाऊंची निळी सहा पानं पुढं घेऊन बोट ठेवत होता. बाबा डोळे मिटूनच होता. एकही जागा चुकली नाही, क्रमही चुकला नाही.

बाबाचं संपल्यावर साहेबांनी ठेकेदाराच्या माणसाला नकाशातला एक कोपरा दाखवला. "तुमची संस्था इतकी वर्षं इथं आहे. तुम्ही या जागेला काय म्हणता?"

त्यानं नकाशा पाहिला, ठेकेदाराकडं पाहिलं. "तलाव," तो म्हणाला.

खोलीत हशा पिकला. साहेबही हसले. बाबानं डोळे उघडले आणि मला हळूच विचारलं, "काऊन हसून राह्यले वं? मी चुकलो का?"

"नाई बाबा," मी म्हटलं.

समितीनं जागेची पाहणी ठरवली. आम्हाला आता भीती नव्हती. पण भाऊंचं काम संपलं नव्हतं. दुरुस्ती इतिवृत्तात आली, ती बातमी वाचणाऱ्यांपर्यंत कुठं गेली? ते त्यांच्या जुन्या पेपरच्या कचेरीत गेले आणि म्हणाले, ज्या पानावर बातमी होती त्याच पानावर, तेवढ्याच जागेत दुरुस्ती छापा. तिथला नवा माणूस म्हणाला, "एवढी जुनी बातमी कोणाच्या लक्षात आहे? आणि तुमची निवडणूक आहे, स्वतःच्या पायावर कशाला धोंडा मारता?"

मग भाऊंनी स्वतः पत्रक छापलं. अर्ध्या पानाचं. 'दुरुस्ती. अमुक तारखेची तलावाबाबतची बातमी खोटी होती. ती मी लिहिली. तलावात गावकरी मासेमारी करत होते.' खाली नाव आणि सही. आणि आठवडाभर, प्रचाराच्या ऐन दिवसांत, जिल्हा परिषदेचे सदस्य पहाटे भावाच्या एजन्सीत बसून प्रत्येक पेपरच्या घडीत एक पत्रक घालत होते. आपल्या जुन्या लाइनीवर स्वतः स्कूटरनं पेपर टाकून येत होते. आमच्या गावच्या वळणावर मी ऐकलं, हॉर्नऐवजी ते ओरडत होते, "माही बातमी खोटी होती, बाजूले व्हा!"

विरोधकांना आयतं सापडलं. त्यांनी तेच पत्रक मोठं करून भिंतींवर लावलं आणि वर लिहिलं, 'खोटं लिहिणाऱ्याला मत देणार का?' भाऊंनी ते वाचलं. म्हणाले, "खालचा मजकूर बरोबर हाये."

भाऊ हरले. थोडक्यात नाही, चांगले हरले. आमच्या गावानं मात्र एकगठ्ठा मत दिलं, आणि त्यात माझ्या काकाचं मत पहिलं होतं. निकालाच्या दिवशी बाबा त्यांना भेटायला तालुक्याला गेला. सोबत मरळ नेली होती, मोठी, केळीच्या पानात बांधून. भाऊ म्हणाले, "हारलेल्या माणसाले कोनी भेट देते का गा?" बाबा म्हणाला, "हारलेल्यानंच पेपर टाकला ना घरी. धरा." दोघं ओट्यावर बसून बराच वेळ बोलले. 

आता ते काही नाहीत, म्हणजे कोणत्या पदावर नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. तालुक्यात कोणी त्यांना 'माजी सदस्य' म्हटलं तर 'माजी वार्ताहर' अशी दुरुस्ती करतात. लोकांनी खूप काय काय म्हटलं त्यांच्याबद्दल. वेडा म्हटलं, राजकारण कळत नाही म्हटलं. निवडणूक जिंकणारे आमच्या भागात पुष्कळ झाले. स्वतःची खोटी बातमी स्वतः घरोघर वाटणारा एकच झाला, आणि तो मला वाचायला शिकवून गेला, याचा मला अभिमान आहे.

जागेची पाहणी झाली. पाहणीच्या डोंग्यात बाबाच बसला होता. पुढच्या वर्षी जिल्हा समितीचा निर्णय आला. आमच्या ग्रामसभेला जंगलाचा आणि तलावाचा सामूहिक हक्क मिळाला. त्या तलावात मासे धरण्याचा, ते विकण्याचा आणि तलाव राखण्याचा अधिकार आता गावाचा आहे. कागद ग्रामसभेच्या नावानं आहे, आणि तो घेतल्याची सचिव म्हणून सही माझी आहे.